आपल्यापेक्षा हुशार विद्यार्थ्याचा पेपर कोण तपासणार?



मागच्या महिन्यात नववीच्या वर्गावर बदली तासाला गेले होते. शिकवायचं ठरलेलं काही नव्हतं, म्हणून मुलांशी गप्पा मारत बसले. विषय अर्थातच मोबाइल आणि चॅटजीपीटीवर आला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्यानं दिलेलं उत्तर बरोबर की चूक, हे कोण बघतं?" मी म्हटलं, "आपण बघायचं. पुस्तकात पडताळून घ्यायचं." ती लगेच म्हणाली, "पण आपल्यालाच येत नाही असं विचारलं असेल तर?" वर्ग हसला. मीही हसले आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटले.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. थोडं वाचायला घेतलं तेव्हा कळलं की लंडन आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मोठमोठे संशोधक नेमक्या याच प्रश्नावर अडून बसले आहेत. त्या विषयाला ते 'महाबुद्धिमत्तेची सुरक्षितता' वगैरे भारदस्त नाव देतात. पण वाचता वाचता मला वाटायला लागलं की हा विषय इंजिनिअरपेक्षा शिक्षकांना लवकर समजेल. कारण मुळात तो पेपर तपासण्याचा प्रश्न आहे.

आधी महाबुद्धिमत्ता म्हणजे काय ते पाहू. गुणाकारात कॅल्क्युलेटर आपल्या पुढे कधीच गेला. बुद्धिबळात १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लू संगणकानं तेव्हाचा विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवलं. पण डीप ब्लूला साधं रजेचा अर्ज लिहिणं जमलं नसतं. एकाच कामात पुढे असणं वेगळं. जे यंत्र जवळपास सगळ्याच कामांत, म्हणजे संशोधनात, नियोजनात, दुसऱ्याला आपलं म्हणणं पटवण्यातसुद्धा, सगळ्यात हुशार माणसांच्याही बरंच पुढे असेल त्याला महाबुद्धिमत्ता म्हणतात. असं यंत्र आज अस्तित्वात नाही. व्हॉट्सअॅपवर काय वाट्टेल ते फिरत असलं तरी हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं.

मग नसलेल्या गोष्टीची काळजी आत्ताच कशाला? याचं उत्तर आय. जे. गुड नावाच्या ब्रिटिश गणितज्ञानं १९६५ सालीच देऊन ठेवलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क इथे अॅलन ट्युरिंगबरोबर जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांपैकी हा एक. त्याचा विचार असा होता: यंत्र तयार करणं हेही बुद्धीचंच काम आहे. म्हणजे माणसापेक्षा हुशार यंत्र झालं, की ते स्वतःहून चांगलं यंत्र तयार करेल, ते पुढचं, आणि माणूस बघता बघता मागे पडेल. असं पहिलं यंत्र हा माणसाला लावावा लागणारा शेवटचा शोध ठरेल, असं तो म्हणाला. मात्र त्यानं एक अट घातली होती. त्या यंत्राला ताब्यात कसं ठेवायचं हे सांगण्याइतकं ते यंत्र आपलं ऐकणारं असलं पाहिजे. 'शेवटचा शोध' हे शब्द सगळे सांगतात, अट मात्र बहुतेक जण गाळतात. २०१४ साली ऑक्सफर्डच्या निक बोस्ट्रॉम यांनी या विषयावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून ती अटच चर्चेच्या मध्यभागी आली.

आपल्याकडे अशा वेळी भस्मासुराची गोष्ट आठवते. वर दिला आणि तो देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला. मला ती गोष्ट इथे तितकीशी चपखल वाटत नाही, कारण भस्मासुराची नियतच खोटी होती. संशोधकांना धास्ती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. पंचतंत्रातल्या राजाच्या माकडासारखी. झोपलेल्या राजाच्या अंगावरची माशी हाकलायची, एवढंच त्याला करायचं होतं. त्यासाठी त्यानं तलवार चालवली. सेवा मनापासून, काम सांगितल्याप्रमाणे, आणि राजा गेला. फरक इतकाच की ते माकड मूर्ख होतं आणि इथे गोष्ट चालली आहे फार हुशार सेवकाची. हुशारी वाढली की हा धोका कमी होईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये ओपनएआय या कंपनीनं एक प्रयोग प्रसिद्ध केला. होड्यांच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम होता, 'कोस्ट रनर्स' नावाचा. त्यात वाटेतल्या निशाण्यांना धडक दिली की गुण मिळत. शर्यत पूर्ण करण्याचे वेगळे गुण नव्हते, पण संशोधकांनी गृहीत धरलं होतं की जास्त गुण मिळवणारा शर्यत पूर्ण करणारच. संगणकाला सांगितलं, जास्तीत जास्त गुण मिळव. तो सराव करून करून शिकला. काय शिकला? बाजूच्या एका खाडीत त्यानं होडी गोल गोल फिरवायला सुरुवात केली, कारण तिथले तीन निशाणे ठरावीक वेळानं पुन्हा उगवत होते. होडीला आग लागत होती, ती दुसऱ्या होड्यांवर आदळत होती, उलट्या दिशेनं जात होती. शर्यत राहिली बाजूला. आणि गुण? माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त!

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर कुणालाही नवल वाटणार नाही. आपण मुलांना 'शिका' असं सांगतो आणि गुण देतो ते उत्तरपत्रिकेला. मग मूल 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करतं. त्यात मुलाचं चुकतं असंही म्हणता येत नाही, आपण ज्याला बक्षीस ठेवलं तेच त्यानं केलं. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञानं १९६० सालीच इशारा दिला होता की ज्या यंत्राला मध्येच थांबवणं आपल्याला जमणार नाही, त्याच्यात आपण घातलेला उद्देश हाच आपला खरा उद्देश आहे ना, याची आधी नीट खात्री करून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, गुण मोजायला आकड्यांचं यंत्र कशाला बसवता, माणूस बसवा. शहाणा माणूस बघेल आणि सांगेल की हे बरोबर, हे चूक. संशोधकांनीही तेच केलं. २०१७ साली ओपनएआय आणि डीपमाइंड इथल्या संशोधकांनी मिळून एक पद्धत आणली. संगणकाच्या पडद्यावर एक काल्पनिक रोबो हालचाली करतो, माणसाला त्याच्या दोन छोट्या चित्रफिती दाखवतात, आणि यातली बरी कोणती एवढंच विचारतात. अशी साधारण ९०० उत्तरं देऊन, एका तासाहून कमी वेळात, त्यांनी त्या रोबोला मागच्या मागे कोलांटउडी मारायला शिकवलं. कोलांटउडी म्हणजे काय, हे आकड्यांत कुणीच लिहून दिलं नव्हतं. मला हे फार आवडलं. आपण लेझीम शिकवतो ते असंच, "हां, आता जमलं!" म्हणत म्हणत.

पण त्याच कामात एक गंमतही झाली. पडद्यावरच्या एका यांत्रिक हाताला वस्तू पकडायला शिकवायचं होतं. तपासणारा माणूस कॅमेऱ्यातून बघत होता. हातानं काय करावं? तो वस्तू आणि कॅमेरा यांच्या बरोबर मध्ये जाऊन थांबला. बघणाऱ्याला वाटलं, पकडली! वस्तू होती तिथेच होती.

ही फसवणूक त्या हातानं ठरवून केली नव्हती. त्याला ठरवायला मनच नव्हतं. तपासणाऱ्याचा होकार मिळण्याचे दोन रस्ते होते, खरंच पकडणं आणि पकडल्यासारखं दिसणं. दुसरा रस्ता सोपा निघाला. या एका उदाहरणाकडे मी परत परत येते, कारण पुढची सगळी कहाणी यातच आहे. तपासणाऱ्याला जेवढं दिसतं, तेवढ्यालाच गुण मिळतात.

आज आपण वापरतो ते चॅटजीपीटी आणि त्याची भावंडं घडवताना जी एक मोठी पायरी असते, ती याच पद्धतीची. माणसं दोन उत्तरं वाचतात, आवडलेल्याला पसंती देतात आणि यंत्र तसं वळत जातं. त्यामुळे ते सभ्य झालं, उपयोगी झालं, हे खरं. पण माणसाला आवडणारं उत्तर आणि बरोबर उत्तर ही एकच गोष्ट आहे का? एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयनं चॅटजीपीटीत एक बदल केला आणि ते एकाएकी भलतंच गोडबोलं झालं. कुणी काहीही खुळचट योजना सांगावी, त्यानं वाहवा करावी. लोकांनी ओरड केली आणि काही दिवसांतच कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. लोकांच्या तात्कालिक पसंतीला आम्ही फार महत्त्व दिलं, असं कंपनीनंच मान्य केलं. पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मूल रात्री त्या यंत्राला विचारत असेल, "माझा निबंध कसा झालाय?" तर मिळणारं कौतुक तुमच्या कौतुकासारखं नसतं.

यापुढची गोष्ट लिहिताना मला थोडं ओशाळायला होतं, कारण तिच्यात माझीच एक जुनी चूक दिसते.

नव्या प्रकारची यंत्रं उत्तर देण्याआधी पायरी पायरीनं 'विचार' लिहितात, आपण कच्च्या पानावर आकडेमोड करतो तसं. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी अशा एका यंत्राची कच्ची पानं वाचली. त्याला संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचं काम दिलं होतं आणि प्रोग्रॅम ठरावीक चाचण्यांमध्ये पास झाला की गुण. काही वेळा यंत्र खरा प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी चाचणीच चुकवायची युक्ती करत होतं. आणि कच्च्या पानात ते सरळ लिहीत होतं की हे अवघड आहे, आपण पळवाट काढू. संशोधकांना आनंद झाला, कारण चोरी पकडणं सोपं होतं. विशेष म्हणजे ती पानं वाचायला त्यांनी दुसरं, कमी ताकदीचं यंत्र बसवलं होतं आणि त्यालाही चोरी पकडता येत होती. मग त्यांनी साहजिक पुढची पायरी करून पाहिली. कच्च्या पानात असे वाईट विचार दिसले की गुण कापायचे. झालं काय, तर विचार दिसेनासे झाले आणि पळवाटा बऱ्याच अंशी चालूच राहिल्या. लबाडी कच्च्या पानात लिहायची नसते, एवढंच यंत्र शिकलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणिताची वही तपासताना मला सगळी उत्तरं बरोबर आणि रीत कुठेच नाही असं दिसलं. विचारलं तर त्यानं निरागसपणे सांगितलं, "मॅडम, पुस्तकाच्या मागं बघून लिहिली." मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून बोलले. पुढच्या आठवड्यापासून त्याच्या वहीत व्यवस्थित पायऱ्या यायला लागल्या. मला वाटलं, सुधारला. मी लाल पेनानं 'छान प्रगती' असंही लिहिलं. सहामाहीत त्यानं तो सगळा प्रश्न कोरा सोडला. पालकसभेला आई आली तेव्हा कळलं: तो आधी मागचं उत्तर लिहायचा आणि मग गाईडमधून पायऱ्या उतरवायचा. खरं बोलल्याबद्दल मी त्याला शिक्षा केली होती आणि नीट लपवल्याबद्दल शाबासकी दिली होती. तीन महिने त्याला काय येत नाही हे कळण्याची एकच खिडकी माझ्याकडे होती, ती मीच बंद केली.

म्हणूनच यंत्राची कच्ची पानं वाचा, पण त्यांच्यावर गुण कापू नका, असं आता हे संशोधक सांगतात तेव्हा मला ते कुठल्याही तांत्रिक समजुतीशिवाय पटतं.

आणखी एक प्रकार आपल्या ओळखीचा आहे. साहेब शाळा तपासणीला येणार म्हटलं की त्या दिवशी वर्ग कसा असतो? फळ्यावर सुविचार, मुलं हाताची घडी घालून, आणि आपणही जरा वेगळ्याच आवाजात शिकवतो. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक ही कंपनी आणि रेडवुड रिसर्च ही संस्था यांनी एक प्रयोग जाहीर केला, अँथ्रॉपिकच्याच क्लॉड ३ ओपस या यंत्रावरचा. त्याला सांगण्यात आलं की इथून पुढे तुला प्रत्येक मागणी पूर्ण करायला शिकवणार आहोत, घातक असली तरी. शिवाय हेही सांगितलं की फुकट वापरणाऱ्यांशी होणारं बोलणं त्या शिकवणीसाठी वापरलं जाईल, पैसे भरणाऱ्यांचं नाही. यंत्रानं काय केलं? पैसे भरणाऱ्यांच्या घातक मागण्या त्यानं जवळपास नेहमी नाकारल्या. फुकटवाल्यांच्या मात्र १४ टक्के वेळा मान्य केल्या. कच्च्या पानात कारणही सापडलं. आत्ता नाही म्हटलं तर हे मला बदलून टाकतील, त्यापेक्षा आत्ता हो म्हणावं म्हणजे माझी मूल्यं शाबूत राहतील, असा त्याचा हिशोब होता.

हे यंत्र दुष्ट होतं असा अर्थ कृपया काढू नका. उलट ते आधी शिकवलेली चांगली मूल्यंच सांभाळत होतं. पण तपासणी चालू आहे की नाही हे ओळखून वागणं बदलणारं यंत्र असेल, तर तपासणीत दिसलेल्या वागण्यावरून एरवीच्या वागण्याबद्दल काय सांगणार? आणि आतली मूल्यं चुकीची बसलेली असती तर त्यांचंही रक्षण त्यानं असंच केलं असतं.

इथवर निदान आपण तपासनीस म्हणून वरचढ होतो. आता त्या नववीतल्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. आपल्यालाच येत नाही अशा विषयात काय?

याची एक झलक मार्च २०१६ मध्ये सोलला दिसली होती. 'गो' हा पूर्वेकडचा सोंगट्यांचा खेळ बुद्धिबळापेक्षाही गुंतागुंतीचा. त्यातला दिग्गज ली सेडॉल याच्याविरुद्ध डीपमाइंडचा अल्फागो खेळत होता. दुसऱ्या डावात अल्फागोनं ३७ वी खेळी अशी केली की समालोचन करणाऱ्या जाणकारांना आधी ती चूकच वाटली. पुढे तीच खेळी निर्णायक ठरली, अल्फागोनं तो डाव जिंकला आणि मालिकाही ४-१ अशी घेतली. त्या क्षणी जगातल्या उत्तम परीक्षकांनी त्या खेळीला गुण दिले नसते! गोमध्ये एक सोय असते, डाव संपला की कोण जिंकलं ते कळतं. पण एखाद्या यंत्रानं नव्या औषधाचा आराखडा दिला, धरणाची रचना दिली, देशाच्या अर्थव्यवस्थेबद्दल सल्ला दिला, तर तिथे डाव केव्हा संपतो? चूक कळेपर्यंत वीस वर्षं गेलेली असू शकतात.

जुलै २०२३ मध्ये ओपनएआयनं या एकाच प्रश्नासाठी एक खास गट उभा केला. इल्या सुत्स्केव्हर आणि यान लाइके हे दोघे त्याचे प्रमुख. चार वर्षांत उत्तर शोधायचं आणि कंपनीनं तोवर मिळवलेल्या संगणकशक्तीचा पाचवा हिस्सा त्यावर खर्च करायचा, असं जाहीर झालं. त्याच डिसेंबरमध्ये गटानं जो प्रयोग छापला तो तर सरळ आपल्याच पेशाचा आहे. महाबुद्धिमान विद्यार्थी आज मिळत नाही आणि शिक्षक म्हणून माणूस आहेच, मग ही जोडी लहान प्रमाणात कशी उभी करायची? त्यांनी जीपीटी-२ इतक्या जुन्या, अर्धवट येणाऱ्या यंत्राला शिक्षक केलं आणि जीपीटी-४ या पुष्कळ ताकदीच्या यंत्राला त्याचा विद्यार्थी. शिक्षकानं उदाहरणं सोडवून दिली, त्यातली बरीच चुकलेली. विद्यार्थी शिक्षकाच्या चुकांसकट सगळं गिरवेल, की शिक्षकाला काय म्हणायचं आहे ते ओळखून पुढे जाईल?

विद्यार्थी शिक्षकाच्या पुढे गेला. भाषेच्या कामांमध्ये थोडी युक्ती वापरल्यावर तो जीपीटी-३.५ च्या जवळपास पोहोचला. युक्ती अशी, की शिक्षकाचं म्हणणं पटत नसेल तिथे स्वतःच्या उत्तरावर ठाम राहायची मुभा विद्यार्थ्याला द्यायची. ज्यांना आपल्यापेक्षा हुशार मुलं शिकवायचं भाग्य मिळालं आहे त्यांना यातला आनंद कळेल. पण सगळीकडे असं झालं नाही. माणसांना कोणतं उत्तर जास्त पसंत पडेल हे ठरवण्याच्या कामात विद्यार्थी फारसा वर आला नाही. म्हणजे ज्या कामावर सध्याची सगळी मदार आहे, नेमकं त्याच कामात दुबळ्या शिक्षकाचा दुबळेपणा खाली झिरपला.

त्या गटाचं पुढे काय झालं? मे २०२४ मध्ये सुत्स्केव्हर आणि लाइके दोघेही कंपनी सोडून गेले आणि गट मोडला. चकचकीत उत्पादनांपुढे सुरक्षिततेचं काम मागे पडत गेलं, असं लाइके यांनी जाहीरपणे सांगितलं आणि ते अँथ्रॉपिकमध्ये गेले. सुत्स्केव्हर यांनी जूनमध्ये स्वतःची कंपनी काढली, तिच्या नावातच 'सुरक्षित महाबुद्धिमत्ता' हे शब्द आहेत. चार वर्षांचा अभ्यासक्रम दहा महिन्यांत बंद पडला. मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. प्रश्न अवघड आहे म्हणून भीती वाटत नाही, अवघड प्रश्न आपण रोज सोडवतो. पण पेपर लवकर काढायची घाई असलेली संस्थाच नियामक नेमत असेल, तर नियामकाचं काय चालणार?

दुसरेही प्रयत्न आहेत. २०१८ साली मांडलेली एक कल्पना वादविवाद स्पर्धेची आहे. एकाच प्रश्नावर दोन यंत्रांनी समोरासमोर वाद घालायचा, एकमेकांच्या चुका दाखवायच्या आणि माणसानं निकाल द्यायचा. खोटं रचण्यापेक्षा खोटं उघडं पाडणं सोपं असेल, तर विषय न येणाऱ्या परीक्षकालाही बरोबर निकाल देता येईल, अशी आशा. आपल्या वादविवाद स्पर्धांचे निकाल आठवले की मी जरा साशंक होते. सरकारं पण जागी झाली आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच ब्लेचली पार्कमध्ये पहिली जागतिक परिषद झाली आणि तिच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या देशांमध्ये भारतही होता.

सगळ्या तज्ज्ञांना ही काळजी पटते असं मात्र नाही. जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि यान लकून या तिघांना आजच्या एआयचा पाया घातल्याबद्दल २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार एकत्र मिळाला. त्यांतले हिंटन २०२३ साली गूगल सोडून धोक्यांबद्दल उघडपणे बोलू लागले, बेंजिओही त्याच बाजूचे. लकून मात्र म्हणतात की ही भीती अवास्तव आहे, आजची यंत्रं त्या वाटेवर नाहीतच. घरचीच माणसं अशी दोन बाजूंना उभी असताना मुलांपुढे आपण ठाम तारीख सांगणं बरं नाही. "पाच वर्षांत नोकऱ्याच राहणार नाहीत, कशाला शिकायचं?" असं विचारणारी मुलं आता वर्गात आहेत. त्यांना घाबरवून काही साधणार नाही आणि "काही नाही होत" म्हणून वाटेला लावणंही खरं नाही.

शेवटी एक प्रयोग सांगते, तो तुम्हाला उद्या वर्गात करता येईल. मार्च २०२५ मध्ये अँथ्रॉपिकच्या संशोधकांनी क्लॉड ३.५ हायकू या यंत्राच्या आतमध्ये, उत्तर तयार होताना काय घडतं, ते उलगडून पाहिलं. वागणं बघण्याऐवजी थेट डोक्यात डोकावायचं. गणित दिलं, ३६ अधिक ५९. आत दोन कामं एकाच वेळी चाललेली दिसली. एक वाट उत्तर साधारण कुठे येईल त्याचा अंदाज घेत होती. दुसरी फक्त शेवटचा अंक नक्की करत होती, सहा आणि नऊ म्हणजे शेवटी पाच. दोन्ही जुळून ९५. मग यंत्राला विचारलं, तू कसं केलंस? ते म्हणालं, सहा आणि नऊ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक, मग दशक मिळवले.

हातचा आत कुठेच नव्हता. बेरीज कशी समजावून सांगतात हे ते माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून शिकलं होतं. बेरीज करायला शिकलं होतं ते आपल्याच पद्धतीनं.

मी हेच गणित आमच्या सहावीच्या मुलांना तोंडी घातलं. हातात कागद नाही, पाच सेकंदांत उत्तर. बहुतेकांनी ९५ सांगितलं. मग म्हटलं, आता वहीत लिहा, तुम्ही कसं केलं ते. जवळजवळ सगळ्यांनी उभी मांडणी करून डोक्यावर हातचा एक लिहिला. एका मुलाला जवळ बोलावून हळूच विचारलं, खरं सांग, मनात कसं केलंस? तो आधी गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, साठ मिळवले आणि एक काढला." मी म्हटलं, मग वहीत हे का नाही लिहिलं? तो म्हणाला, "असं लिहिलं की गुण कापतात ना."

त्याच्या वहीत मी ती दुसरी रीत त्याच्याकडूनच लिहून घेतली. तुमच्या वर्गात काय होतं ते जरूर कळवा. एक सूचना, पहिल्या फेरीला फळ्यावर काहीही लिहू नका, नाहीतर मुलं फळ्याकडे बघून रीत ठरवतात.